शालिकरामचं बिनचूक वाक्य

शालिकराम लांजेवारांना इंग्रजीतलं एकच वाक्य बिनचूक लिहिता यायचं आणि त्या एका वाक्यावर त्यांनी सव्वीस वर्षं नोकरी काढली. 'चेक्ड अँड फाउंड ओके.' म्हणजे तपासलं, ठीक आढळलं. नागपुरात ज्या ज्या इमारतीतली लिफ्ट लांजेवारांच्या हाताखालून जायची, तिथे तळमजल्यावर खिळ्याला टांगलेल्या वहीत हे वाक्य हमखास सापडायचं. महिन्यातून एकदा, तारखेसकट, निळ्या शाईत, आणि अक्षर असं टपोरं की शाळामास्तरांनी बोलावून पाठ थोपटावी. खाली सही मात्र मराठीत. इंग्रजीत सही करायची हिंमत त्यांना कधी झाली नाही.

वाक्य शिकवलं धोंडबा उस्तादांनी. लाखनीकडच्या खेड्यातून विसाव्या वर्षी शालिकराम नागपुरात आले आणि धोंडबांच्या मागे हत्यारांची पिशवी घेऊन हिंडायला लागले. धोंडबा स्वतः चौथी शिकलेले, पण लिफ्टच्या मोटारीला कान लावून तिचं दुखणं सांगणारा माणूस. त्यांनी शालिकरामना चहाच्या टपरीवर बसवून जुन्या बिलांच्या पाठीवर ते वाक्य शंभर वेळा लिहायला लावलं. "काम झालं का हे लिहाचं अन् सही माराची," ते म्हणाले. "हे लिहिलं का आपून सुटलो." उस्तादांनी बाकी जे शिकवलं ते सगळं सोन्यासारखं होतं, पण सुटायचं तेवढं शिकवायला नको होतं असं मला राहून राहून वाटतं.

तरी वीस-बावीस वर्षं काही बिघडलं नाही, कारण शालिकराम तपासल्याशिवाय ते वाक्य लिहीत नसत. काही नादुरुस्त दिसलं तर धंद्याच्या मालकाला तोंडी सांगायचं, मालक सामान द्यायचा, बसवून झालं की वहीत वाक्य. मग मालक म्हातारा झाला आणि त्याने धंदा बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला विकला. कंपनीने सगळ्यांना मोबाइलमध्ये ॲप दिलं. वहीच्या पानाचा फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा, आणि जे काही असेल ते लेखी, इंग्रजीत. तोंडी सांगितलेलं कंपनीला ऐकू येत नाही, असं नव्या इंजिनिअर साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

साहेबांचं नाव अपूर्व. वय अठ्ठावीस, माणूस वाईट नव्हता, पण जिभेला लगाम नव्हता. पहिल्याच महिन्यात शालिकरामनी एका वहीत मोठ्या धीराने तीन ओळी इंग्रजी लिहिलं. दोर घासलाय, बदलावा लागेल, असं त्यांना म्हणायचं होतं. साहेबांनी त्या पानाचा फोटो कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, प्रत्येक चुकीभोवती लाल गोल काढले आणि खाली लिहिलं की आपल्याकडे एक लेखक लपून बसले होते. चाळीस माणसांचा ग्रुप. संध्याकाळपर्यंत हसणारे चेहरे येत राहिले. दोर बदलून मिळाला, ते वेगळं. पण शालिकराम त्या रात्री जेवले नाहीत. बायकोने, वच्छलाने, विचारलं तर पित्त झालं म्हणाले. मुलगी वैभवी दहावीत, तिचं इंग्रजी झरझर वाहणारं, तिच्याकडून दोन वाक्यं लिहून घ्यायला काय हरकत होती? पण पोरीपुढे वही धरायची कशी, या लाजेनेच ते मेले. त्या दिवसापासून वहीत एकच वाक्य जायला लागलं, ज्याच्यावर लाल गोल काढता येणार नाही असं.

आता लकडगंजच्या एका इमारतीकडे येऊ. चार मजले, जुनी लिफ्ट, प्रत्येक मजल्यावर लोखंडी दार, ओढून उघडायचं. अशा दाराला आतून एक कुलूप असतं. लिफ्ट मजल्यावर आलेली नसेल तर दार उघडत नाही, आणि दार नीट लागलेलं नसेल तर लिफ्ट जागची हलत नाही. माणूस लिफ्टमध्ये निर्धास्त चढतो तो या कुलपाच्या जिवावर. शालिकराम तिथे गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कुलपाची आकडी झिजलेली होती. कधी अडकायची, कधी नाही. त्यामुळे लिफ्ट बंद पडली होती आणि ती बंद पडली हेच बरं होतं.

पण त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे गोपाळराव गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी यायचे होते. गोपाळरावांनी चाळीस वर्षं तिथल्याच एका आरा मशीनवर लाकूड कापण्यात घालवली होती. म्हातारा खाली गाडीत बसून, आणि सोसायटीचे सेक्रेटरी मुकुंदराव शालिकरामच्या डोक्यावर उभे. नवं कुलूप स्टोअरमध्ये नव्हतं. शेवटी लिफ्टवाले करतात तेच शालिकरामनी केलं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले, आपली चिमटे लावलेली लाल वायर काढली आणि पेटीत दोन जागी लावून टाकली. दार लागलं नसलं तरी लिफ्टला आता ते लागलंय असंच वाटणार होतं. आकडी पकडीने वाकवून जरा अडकेल अशी केली. वायर लावायची ती दुरुस्तीपुरती, पाच-दहा मिनिटं, आणि जाताना काढून न्यायची, हा धोंडबांचा पहिला धडा. पण म्हातारा वर पोचवायचा होता. उद्या कुलूप घेऊन येतो, मग काढतो, असं शालिकरामनी स्वतःला सांगितलं.

गोपाळराव वर पोचले, खुश झाले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आठवडाभराने मी रोज चारला खाली उतरणार, घरात बसून जीव उबून राहिला, असं त्यांनी शालिकरामना कौतुकाने सांगितलं. मग मुकुंदरावांनी वही पुढे केली. शालिकराम पेन धरून उभे राहिले. दाराचं कुलूप खराब, वायर लावून चालू केलंय, हे इंग्रजीत कसं मांडायचं? पहिला शब्दच सुचेना. डोळ्यांपुढे लाल गोल यायला लागले. मुकुंदराव घड्याळ बघत होते. मग हाताने आपणहून लिहिलं, टपोऱ्या अक्षरात, 'चेक्ड अँड फाउंड ओके.' फोटो काढला, चढवला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना वाडीच्या गोदामांमधल्या मालाच्या लिफ्टवर पाठवलं, तिथे एकामागून एक कामं निघाली, आणि लकडगंजचं ते दार त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं. ॲपवर तर ते काम पूर्णच दिसत होतं.

अकराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, वाडीतल्या एका गोदामात त्यांनी लाल वायर काढायला पिशवीत हात घातला. वायर नव्हती. बाजूच्या कप्प्यात नव्हती. पिशवी उलटी केली, पाने, टेस्टर, टेपची गुंडाळी सगळं फरशीवर पडलं. वायर नव्हती. आणि मग ती कुठे आहे ते त्यांना दिसलं.

 शालिकराम तिथेच बारदान्यावर, रिकाम्या पोत्यांवर, बसले. तीनला दहा कमी होते. आठवडा तर केव्हाच उलटला होता. चारला म्हातारा दारापाशी येणार. दाराला पट्टीभर काच होती, पण त्यावर कोणीतरी शुभ-लाभचं स्टिकर चिकटवलेलं, पलीकडे लिफ्ट आहे की नाही दिसायची सोय नाही. म्हातारा दार ओढणार, दार उघडणार, आणि पुढे तीन मजल्यांची पोकळी.

खरं सांगायचं तर शालिकरामना आधी नोकरीची भीती वाटली आणि मग माणसाची. तो क्षण अगदी लहान होता, दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. पण आधी काय आठवलं हे ते पुढे कधी विसरू शकले नाहीत.

त्यांनी मुकुंदरावांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मुकुंदराव दुपारी दोन ते चार झोपतात हे त्यांना माहीत होतं, कारण त्या वेळात आलेल्या माणसाला ते दारातूनच परत पाठवायचे. इमारतीतला दुसरा कोणाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. अपूर्व साहेबांचा होता. त्यावर बोट ठेवलं आणि काढलं. साहेबांना काय सांगायचं? ते आधी ॲप उघडणार आणि त्यात शालिकरामच्याच हाताने लिहिलेलं वाक्य त्यांना दिसणार. पिशवी तशीच टाकून ते गाडीवर बसले.

वाडीपासून लकडगंज म्हणजे नागपूरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली. शालिकराम रस्त्याच्या कडेच्या मुरमातून गाडी काढत निघाले. अमरावती रोडवर उन्हाचा ताव होता.  विद्यापीठाच्या कॅम्पसपाशी सिग्नल लागला तेव्हा ते आकडे मोजत उभे राहिले, आणि मनात एकच चाललेलं, की आकडी अडकली असेल. दहा दिवस अडकली तर आजही अडकेल. रविनगरला दुसरा सिग्नल. मग वाटलं, दहा दिवसांत ती आणखी झिजली असेल. म्हाताऱ्याचा चेहरा आठवेना, नुसता त्याचा पट्टी बांधलेला पाय आठवायला लागला, सावकाश उचललेला, पुढे टाकलेला. शालिकराम देवाधर्माचे फारसे नव्हते, पण त्या सिग्नलवर त्यांनी गावच्या मरीमायला नवस बोलला. काय बोलले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

सीताबर्डीला व्हरायटी चौकात ते मेट्रोच्या खांबाशी पोचले आणि खिशातला फोन थरथरला. मुकुंदराव. साडेतीन वाजून गेले होते. शालिकरामनी गाडी फूटपाथला चिकटवली. मागून ऑटोवाले हॉर्न वाजवायला लागले.

त्यांनी घाईघाईत सांगितलं की लिफ्टचा मेन स्विच ताबडतोब बंद करा आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन दारापुढे उभे राहा, कोणाला हात लावू देऊ नका. मुकुंदराव झोपेतून उठलेले, त्यांना काही उमजेना. म्हणाले, लिफ्ट उत्तम चालू आहे, सकाळीच मी दोनदा वर-खाली केलं. शालिकराम पुन्हा तेच बोलले. तेव्हा मुकुंदराव चिडले. त्यांना वाटलं, लिफ्ट बंद पाडून नवं सामान गळ्यात मारायचा हा कंपनीचा डाव आहे. "अहो लांजेवार, वहीत तुम्हीच लिहून गेला आहात," ते म्हणाले. "स्वच्छ अक्षरात लिहिलंय, तपासलं, ठीक आहे. मग मी तुमचं आजचं ऐकू की तुमच्या हातचं लिहिलेलं खरं मानू?"

सव्वीस वर्षं त्या वाक्याने त्यांना सोडवलं होतं. आता तेच आडवं आलं. त्या माणसाचा त्यांच्या अक्षरावर विश्वास होता, म्हणून तो जागचा हलत नव्हता. आजूबाजूला कपड्यांचे ठेले, मोबाइलच्या कव्हरांचे ठेले, पोरीबाळींची गर्दी, आणि त्यात हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस फोन दोन्ही हातांनी धरून उभा.  बोललं तर नोकरी गेली, केस झाली, सगळं संपलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. घड्याळही दिसत होतं.

"मुकुंदराव, ते खोटं हाये," ते म्हणाले. "मीच लिहिलं अन् खोटं लिहिलं. तिसऱ्या माळ्याच्या दाराले कुलूप नाही. पाया पडतो, वर जा."

 पलीकडे चपलांचा आवाज, आणि फोन बंद.

तिथून लकडगंज फार तर वीस मिनिटं. शालिकरामच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब वीस मिनिटं. कॉटन मार्केटपाशी त्यांनी फोन लावला, उचलला नाही. सेंट्रल अव्हेन्यूवर पुन्हा लावला, उचलला नाही. फोन न उचलण्याचे किती अर्थ असतात ते सगळे त्यांनी गाडी चालवता चालवता लावून पाहिले, आणि प्रत्येक वेळी शेवटी लिफ्टच्या खड्ड्यात काहीतरी पडलेलं दिसायचं. एका वळणावर त्यांना वाटलं, परत फिरावं, गाडी लाखनीच्या रस्त्याला लावावी आणि कोणाला तोंड दाखवू नये. ते परत फिरले नाहीत, यात शौर्य काही नव्हतं. काय झालं ते न कळता जगायची भीती जास्त मोठी होती, एवढंच.

इमारतीखाली गर्दी नव्हती. गर्दी नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वीज बंद होती. शालिकराम जिन्याने धावत निघाले. दुसऱ्या मजल्यावर दम संपला, तरी थांबले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं आणि पलीकडे काळोख. त्या काळोखाकडे पाठ करून मुकुंदराव उभे, हात दोन्हीकडे पसरलेले, चेहरा पांढराफटक. समोर भिंतीला टेकून गोपाळराव फरशीवर बसलेले, ऑपरेशनचा पाय सरळ पसरून. जिवंत. शालिकराम शेवटच्या पायरीवर मटकन बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. लाज वगैरे त्यांना त्या वेळी आठवली नाही.

झालं होतं ते असं. मुकुंदराव वर येण्याआधीच गोपाळराव निघाले होते, चार वाजायच्या पंधरा मिनिटं आधी. दार ओढलं, ते उघडलं. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे त्यांनी आधी हातातली काठी पुढे टाकली आणि मग पाय उचलला. काठी टेकलीच नाही. हातातून सुटून गेली, आणि ती खाली आपटल्याचा आवाज यायला एवढा वेळ लागला की उचललेला पाय तिथेच थांबला. दाराची मूठ त्यांनी सोडली नव्हती. मुकुंदराव पोचले तेव्हा ते तसेच, एका पायावर, मुठीला लोंबकळून उभे होते.

शालिकराम गच्चीवर गेले, लाल वायर काढली आणि दार साखळीने बांधलं.  मग मुकुंदराव खाली गेले, खिळ्यावरची वही घेऊन वर आले आणि ती शालिकरामपुढे धरली. लिहा, एवढंच म्हणाले.

तेवढ्यात अपूर्व साहेबांचा फोन आला. मुकुंदरावांनी त्यांना कळवलं होतं. साहेब घाबरलेले होते. ते म्हणाले की तुम्ही स्वतः काही लिहू नका, मी मजकूर पाठवतो, तेवढा जसाच्या तसा उतरवून काढा, तारीख अकरा दिवसांपूर्वीची टाका, ॲपवरच्या फोटोचं मी बघतो. लगेच मोबाइलवर तीन ओळी आल्या. सुरेख इंग्रजी. शालिकरामना त्यातले चार शब्द समजले आणि तेवढ्यावरून मतलबही समजला. कुलूप खराब असल्याचं ग्राहकाला सांगितलं होतं, ग्राहकानेच लिफ्ट चालू ठेवायचा आग्रह धरला. एकही लाल गोल काढता येणार नाही असा मजकूर. उतरवला की सगळेच सुटत होते, मुकुंदराव सोडून.

शालिकरामनी पेन हातात घेतलं. त्यांना अजून भीती वाटत होती, ती गेली होती असं म्हणणं खोटं होईल. उद्या नोकरी नसेल, पोलीस येतील, वैभवीचं बारावीपर्यंतचं कसं होईल, हे सगळं तिथेच त्यांच्या छातीवर बसलेलं. त्यांनी आजची तारीख टाकली आणि मराठीत लिहायला सुरुवात केली. फार वेळ लागला नाही. 'तिसऱ्या माळ्याच्या दाराचं कुलूप खराब आहे. लिफ्ट वर नसली तरी दार उघडते. मी वायर लावून लिफ्ट चालू ठेवली होती आणि वहीत ठीक आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. लिफ्टमध्ये कोणी बसू नका.' खाली सही.

मुकुंदरावांनी वाचलं आणि वही गोपाळरावांकडे दिली. म्हाताऱ्याने खिशातून चष्मा काढला. वही मांडीवर ठेवली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत ओठांतल्या ओठांत सगळं वाचलं. शालिकराम समोर उभे राहिले. शिव्या येतील, त्या खायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. गोपाळरावांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता.

"शालिकराम, रोज खालून वर येताना ही वही मी पाहात होतो गा," ते म्हणाले. "ते इंग्रजी मले समजत नाही. हे त्या दिवशी काहून नाही लिहिलं? हे तर मले वाचता आलं असतं."

 खिशात साहेबांचा फोन वाजत होता. शालिकराम खाली वाकले, म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला सावकाश उभं केलं.